दहा मिनिटांचा उंदीर

पायजम्याची जुनी नाडी जमिनीवर पडली आहे. दोन महिन्यांचं पिल्लू तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आता तिचं टोक हळूच पायपुसण्याखाली सरकवा. पिल्लाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या फुगून काळ्याभोर होतात, पोट जमिनीला टेकतं, ढुंगण डावी-उजवीकडे डुलतं आणि झेप!

जादू नाडीत नाही, तिच्या लपण्यात आहे. मांजर दबा धरणारा शिकारी. तोंडासमोर येऊन नाचणारा उंदीर त्याच्या जगात नसतोच. उंदीर पळतो, थबकतो, फटीत शिरतो. गंमत म्हणजे नाकापुढच्या वीतभर अंतरातलं मांजराला धूसरच दिसतं. तिथे मिशा पुढे वळतात आणि भक्ष्य चाचपतात.

ही तालीम लवकर सुरू होते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावंडांशी कुस्ती, सातव्या-आठव्यापासून वस्तूंची शिकार. जोरात चावलं की भावंडं किंचाळतात, खेळ मोडतो. दात किती लावायचे ते असं कळतं. एकट्या पिल्लाला हा धडा मिळत नाही. म्हणून आपला हात कधीच खेळणं करू नये.

तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की पिल्लू कंटाळतं. इंग्लंडमध्ये जॉन ब्रॅडशॉ आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं, की मांजर खेळाला नाही, त्या खेळण्याला विटतं. नवं दिलं की पुन्हा तुटून पडतं. खरी शिकार चावल्यावर फाटते, बदलते. कापडी उंदीर ढिम्म तसाच! भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं, हेही त्यांनाच आढळलं.

म्हणून जेवणाआधी पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा खेळावं आणि शेवटी शिकार त्याच्या पंजात पडू द्यावी. लेझरचा लाल ठिपका कधीच हाती लागत नाही, पिल्लू नुसतं चिडचिडतं. खेळ संपला की नाडी कपाटात. जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही आणि पोटात गेला तर आतडी चुण्यांसारखी गोळा होतात.

शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप: मांजराचा क्रम हाच. रात्री दोनला पायाच्या अंगठ्यावर झेप नको असेल, तर संध्याकाळी दहा मिनिटं आपणच उंदीर व्हावं. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीवही वाचतो!