नियमावली आणि राजरस्ता

निस्सान स्कायलाइन जीटी-आर आणि होंडा एनएसएक्स या दोन जपानी मोटारींच्या कागदपत्रांवरून नजर फिरवली, तर दोहोंच्या इंजिनांपुढे एकच आकडा नोंदलेला आढळतो : २८० अश्वशक्ती. हा योगायोग नव्हे. रस्त्यांवरील अपघातांविषयी ओरड वाढू लागली, तेव्हा सरकारने फर्मान काढण्याआधीच जपानी कारखानदारांनी १९८९च्या सुमारास आपसांत एक तह केला, की स्वदेशी विकावयाच्या कोणत्याही मोटारीची शक्ती या मर्यादेपलीकडे दाखवावयाची नाही. आणि हा तह २००४ पर्यंत निदान कागदोपत्री तरी पाळला गेला. जीटी-आरचे इंजिन प्रत्यक्षात याहून बरेच अधिक जोर देते, ही गोष्ट त्या काळीही कोणापासून लपून राहिली नव्हती. तेव्हा या दोन प्रतिस्पर्ध्यांची तुलना आकड्यांच्या जंत्रीवरून करणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. त्या कोणत्या हेतूने जन्मास आल्या, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. कारण एकीचा जन्म शर्यतीच्या नियमावलीतून झाला आणि दुसरीचा, इटालियन मोटारींच्या दुर्गुणांविषयी वाटणाऱ्या वैतागातून.

स्कायलाइन हे नाव मूळचे प्रिन्स नावाच्या कंपनीचे. १९६४ साली सुझुका येथील जपान ग्रां-प्रीत तेत्सू इकुझावा या तरुण शर्यतपटूने प्रिन्स स्कायलाइन घेऊन एका फेरीपुरते का होईना, पोर्शे ९०४ला मागे टाकले, आणि त्या एका फेरीच्या पुण्याईवर या नावाचा लौकिक देशभर पसरला. १९६६ मध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. १९६९ साली आलेल्या पहिल्या जीटी-आरने पुढील तीन-चार वर्षांत देशी शर्यतींत सुमारे पन्नास विजय मिळविले. आणि १९७३ मध्ये दुसरी आवृत्ती अवघ्या १९७ गाड्यांनंतर बंद पडून हे नाव सोळा वर्षे दप्तरात पडून राहिले.

ऑगस्ट १९८९ मध्ये ते दप्तर पुन्हा उघडले गेले, तेव्हा मुख्य अभियंता नागानोरी इतो यांच्यापुढे जे पुस्तक उघडे होते, ते अभियांत्रिकीचे जितके, तितकेच 'ग्रुप ए' या शर्यतवर्गाच्या कायद्याचे होते. त्या कायद्यातील एका कलमानुसार टर्बो बसविलेल्या इंजिनाचे घनफळ १.७ने गुणून मोटारीचा वर्ग ठरवावयाचा, आणि त्या वर्गावरून तिचे किमान वजन व टायरांची कमाल रुंदी ठरावयाची. आता नव्या जीटी-आरच्या सहा नळकांड्यांच्या इंजिनाचे घनफळ पाहा : २५६८ घन सेंटीमीटर. त्यास १.७ने गुणले असता ४३६५ आणि वर थोडे, म्हणजे ४५०० घन सेंटीमीटरच्या वर्गाच्या उंबरठ्याच्या अगदी आत. अडीच नव्हे, तीन नव्हे, असला चमत्कारिक आकडा एखाद्या अभियंत्यास सहज सुचत नाही. तो निष्णात वकिलाने कलमाचा कीस काढावा तसा काढलेला आहे. शिवाय नियमाप्रमाणे वर्षभरात पाच हजार गाड्या बांधून विकणे भाग होते, आणि शर्यतीसाठी सुधारलेली खास आवृत्ती मंजूर व्हावयाची तर आणखी पाचशे. म्हणजे तोक्योतला जो गिऱ्हाईक ४४ लाख ५० हजार येन मोजून ही गाडी घरी नेत होता, तो आपल्या नकळत शर्यतीच्या अर्जाला जोडावयाच्या दाखल्यांपैकी एक दाखला होता.

या गाडीची खरी करामत तिच्या चारही चाकांना शक्ती पोहोचविण्याच्या रीतीत होती. सामान्य गतीत सर्व जोर मागच्या चाकांकडे जाई, त्यामुळे सुकाणू हलके व चपळ राही. परंतु मागची चाके घसरू लागल्याचे संवेदकांनी कळविताच, तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच दाबला जाऊन गरजेपुरता, आणि कमाल निम्म्यापर्यंत, जोर पुढे वळविला जाई. वळणावर मागची चाकेही थोडी वळत. चालकाने अंमळ लवकर किंवा अंमळ उशिरा वेग दिला, तरी यंत्र त्याची चूक पोटात घालून गाडी मार्गावर ठेवीत असे. आणि शर्यतीत, विशेषतः पावसात, या सवलतीचे मोल काय होते ते निकालांच्या वह्यांत लिहिलेले आहे. मार्च १९९० पासून १९९३च्या अखेरीपर्यंत जपानी टूरिंग-कार स्पर्धेच्या एकूण २९ शर्यती झाल्या आणि त्या एकूण एक जीटी-आरनेच जिंकल्या. बेल्जियममधील स्पाची चोवीस तासांची शर्यत १९९१ मध्ये तिच्याकडे गेली. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट येथे तिने १९९१ व १९९२ असे लागोपाठ दोनदा बाजी मारली, आणि दुसऱ्या खेपेस तर मुसळधार पावसात गाडी आपटून मोडलेली असताना! शर्यत थांबवून निकाल आधीच्या फेरीच्या नोंदीवरून लावला गेला, म्हणून मोडकी गाडी विजयी ठरली. स्थानिक व्ही-८ गाड्यांच्या भक्तांनी व्यासपीठावरील विजयी चालक जिम रिचर्ड्सची हुर्यो केली, आणि त्यानेही ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना असे काही खडसावले, की त्याचे ते शब्द त्या देशात आजही उद्धृत केले जातात. एवढ्या निरपवाद यशात एक प्रकारचा कंटाळवाणेपणाही असतो, हे कबूल केले पाहिजे. ज्या स्पर्धेत प्रतिस्पर्धीही त्याच बनावटीच्या गाड्या घेऊन उतरतात, तिला स्पर्धा म्हणावे की कवायत?

होंडाच्या शिगेरू उएहारा यांनी हाती घेतलेले काम निराळ्या जातीचे होते. त्या काळच्या इटालियन क्रीडा-मोटारी रूपाने देखण्या. पण त्यांचा क्लच दाबताना पोटरी दुखावी, मागचे काही दिसू नये, आणि रहदारीत अडकले असता आतला माणूस उकडून निघावा, अशी त्यांची ख्याती होती. वेगाची किंमत म्हणून हे सारे निमूट सोसावे, हा समज उएहारांना मान्य नव्हता. इंजिन चालकाच्या पाठीशी आडवे बसवून, काचघर लढाऊ विमानासारखे पुढे सरकवून त्यांनी जवळजवळ सर्व दिशांना दृष्टी मोकळी केली. संपूर्ण सांगाडा अॅल्युमिनियमचा करून, पोलादी सांगाड्याच्या मानाने एकट्या कवचातच सुमारे १४० किलोंची बचत साधली. आणि इंजिनात टायटेनियमचे कनेक्टिंग रॉड घालून ते मिनिटाला आठ हजार फेऱ्यांपर्यंत बिनदिक्कत चढेल, अशी तजवीज केली. तोचिगी प्रांतातील ताकानेझावा येथे या गाडीसाठी स्वतंत्र कारखाना उभारला गेला, आणि सप्टेंबर १९९०मध्ये ती विक्रीस आली तेव्हा तिची किंमत ८० लाख येनांच्या वर, म्हणजे जीटी-आरच्या जवळजवळ दुप्पट होती. मागच्या सामानकप्प्यात गोल्फची पिशवी मावते, हेही गुण म्हणून सांगितले जाई. शर्यतीच्या शौकिनांनी त्यावर नाके मुरडली, पण उएहारांचा रोख ज्या मालकावर होता, त्याला ती पिशवी खरोखरच ठेवावयाची होती.

फेब्रुवारी १९८९मध्ये फॉर्म्युला-वन शर्यतपटू ऐर्टन सेन्ना सुझुकात मॅक्लारेन-होंडाच्या चाचणीसाठी आला असता त्याच्या हाती एनएसएक्सचा नमुना दिला गेला, आणि ही गाडी थोडी नाजूक वाटते, असा अभिप्राय त्याने दिला. अभियंत्यांनी तो शिरोधार्य मानला. नमुने जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या लांब, खडतर मार्गावर नेले आणि तेथे महिनोन्‌महिने तळ ठोकून सांगाड्याचा ताठपणा सुमारे निम्म्याने वाढविला. मॅक्लारेन एफ-१ ही रस्त्यावरील मोटार आखणाऱ्या गॉर्डन मरे यांनी एनएसएक्स चालविल्यावर आपल्या मनातील फेरारी, पोर्शे आदी सारे जुने मानदंड बाजूस सारले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जीटी-आरने शर्यती जिंकल्या. एनएसएक्सने प्रतिस्पर्ध्यांना आपापल्या गाड्या सुधारावयास लावले. माझ्या मते दुसरी कामगिरी अधिक टिकाऊ, जरी तिच्यासाठी कोणी चषक देत नाही.

आता गंमत अशी, की या दोन कुळांचे वैर जितके रंगवून सांगितले जाते, तितके ते माणसांच्या पातळीवर नव्हतेच. निस्सानसाठी १९६९ची जपान ग्रां-प्री जिंकणारे मोतोहारू कुरोसावा हेच पुढे एनएसएक्सच्या जडणघडणीत सल्लागार झाले, आणि २००२ साली एनएसएक्स-आर घेऊन न्यूरबुर्गरिंगची फेरी ७ मिनिटे ५६ सेकंदांत पुरी करणारेही तेच. कुनिमित्सू ताकाहाशी यांची कथा तर याहून विलक्षण. १९६१ साली होंडाच्या मोटारसायकलीवर जर्मन ग्रां-प्री जिंकणारे ते पहिले जपानी स्वार. पुढच्या वर्षी आइल ऑफ मॅन येथे जबर अपघात. मग चार चाकांकडे वळून निस्सानची नोकरी आणि पहिल्या जीटी-आरचे सुवर्णयुग. नव्वदीच्या आरंभी केइइची त्सुचिया यांच्या जोडीने पुन्हा नव्या जीटी-आरमध्ये. आणि १९९५ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याच त्सुचिया व अकिरा इइदा यांच्यासह स्वतःच्या संघाची एनएसएक्स घेऊन ल मांच्या चोवीस तासांत! ती गाडी जीटी-२ वर्गात पहिली आणि एकंदरीत आठवी आली. त्याच शर्यतीत निस्सानने उतरविलेली जीटी-आर दहावी आली. आणि तिच्या पुढच्या चाकांना जोर देणारी ती सुप्रसिद्ध यंत्रणा वजनाच्या हिशेबात काढून टाकण्यात आली होती, हे विशेष.

यापुढे दोघी जपानी जीटी स्पर्धेत आमनेसामने आल्या, आणि तेथे विजेत्याच्या गाडीवर पुढच्या शर्यतीसाठी वजन लादण्याचा रिवाज असल्याने निकाल अनेकदा तर्काला चकवीत. १९९८मध्ये पात्रता फेऱ्यांत एनएसएक्सचा वरचष्मा राहिला, पण विजेतेपद एरिक कोमास व मासामी कागेयामा यांच्या जीटी-आरने नेले. उलट २००० साली र्यो मिचिगामी एकही शर्यत न जिंकता, केवळ सातत्याने गुण जमवून, एनएसएक्सवर विजेता ठरला. आपल्याकडच्या वाचकांस जवळची वाटेल अशी एक नोंदही येथेच करावयास हवी : कोइम्बतूरच्या नारायण कार्तिकेयनने नोव्हेंबर २०१९मध्ये फुजी येथे जर्मन गाड्यांविरुद्ध झालेली शर्यत एनएसएक्सवरच जिंकली.

त्यानंतरच्या मोसमात नियमावली नव्याने लिहिली गेली आणि वरच्या वर्गातील सर्व गाड्यांचे इंजिन पुढे असणे आवश्यक ठरले. ज्या गाडीची अवघी कल्पनाच पाठीमागच्या इंजिनाभोवती उभी होती, ती एनएसएक्स आता शर्यतमार्गावर इंजिन पुढे घेऊन धावू लागली. आणि २०२०च्या अखेरच्या शर्यतीत, आघाडीवरील टोयोटाचे इंधन शेवटच्या वळणाशी संपल्यामुळे, विजेतेपद याच गाडीने पटकावले. संघ ताकाहाशी यांचा होता. ते त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते.