तंबाखूमुक्तीच्या कार्यात आशा स्वयंसेविका

तंबाखूची सवय सोडविणे हे रुग्णालयाचे किंवा व्यसनमुक्ती केंद्राचे काम आहे, अशी समजूत अद्याप सर्वत्र आढळते. वस्तुतः बिडी ओढणारा शेतकरी किंवा मशेरी लावणारी गृहिणी केवळ या सवयीसाठी म्हणून दवाखान्याची पायरी सहसा चढत नाही. तो जातो तो खोकला बळावल्यावर, आणि ती जाते ती तोंडातील चट्टा दुखू लागल्यावर. तोवर पुष्कळ वर्षे उलटून गेलेली असतात. ही मधली वर्षे जिच्या डोळ्यांदेखत जातात आणि जिचे घरात येणे कोणालाही परके वाटत नाही, अशी आरोग्य खात्याशी जोडलेली एकच व्यक्ती गावात असते. ती म्हणजे आशा स्वयंसेविका होय.

गावातीलच स्त्रीला प्रशिक्षण देऊन आरोग्यकार्यात सहभागी करून घेण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर ग्रामीण स्त्रियांनीच हे काम पेलून दाखविले होते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले आणि त्यातून साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक याप्रमाणे आशा गावोगाव उभी राहिली. प्रारंभी माता व बालके हेच तिचे मुख्य क्षेत्र होते. पुढे असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीचा कार्यक्रम आला व तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा माहितीपत्रक भरण्याचे काम तिच्याकडे आले. या पत्रकात तंबाखूविषयीचा प्रश्न आहे. रोज सेवन करणाऱ्यास अधिक गुण पडतात आणि एकूण गुण चारांहून अधिक झाल्यास त्या व्यक्तीस तपासणीसाठी अग्रक्रमाने पाठवावयाचे असते.

प्रश्न कसा विचारावा?

पत्रकातील हा एक रकाना भरणे दिसते तितके सोपे नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. मात्र त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. धूरविरहित तंबाखू, म्हणजे चुना-तंबाखू, मशेरी, गुटखा, विदर्भातील खर्रा इत्यादींचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. स्त्रियांत धूम्रपानाचे प्रमाण १.४ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे १६.६ टक्के आढळले. म्हणजे “घरात कोणी ओढते का?” एवढेच विचारून आशा परतली, तर दहांपैकी बहुतेक तंबाखूसेवक तिच्या नोंदीतून निसटतात. मशेरीला तर व्यसन म्हणून कोणी ओळखतच नाही. तव्यावर भाजून कुटलेली ती तंबाखूच असते, परंतु अनेक घरांतून ती दात घासण्याची पूड म्हणूनच नांदते.

अनुभवी आशा म्हणूनच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारते. “आबा, बिडी ओढता का?” असे विचारले की आबा “छे!” म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी “आबा, दिवसाला बंडल पुरते का?” असे सहज विचारले तर उत्तर प्रामाणिक मिळते. सुनेच्या वयाच्या स्त्रीने वडीलधाऱ्यांना असे विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही, ही अडचणही खरीच आहे. कित्येक आशा हा प्रश्न चारचौघांत न काढता घरातील सासूबाईंच्या मार्फत काढतात. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत ही युक्ती असो वा नसो, ती उपयोगी आहे यात संशय नाही.

सोडल्यानंतरचे पहिले महिनाभर

विचारणे, स्पष्ट सल्ला देणे, त्या व्यक्तीची तयारी जोखणे, साहाय्य करणे आणि पाठपुरावा ठेवणे, या पाच पायऱ्यांनी हे काम चालते. पहिल्या दोन पायऱ्यांस जेमतेम तीन मिनिटे लागतात. आशेचे खरे मोल शेवटच्या दोन पायऱ्यांत आहे. कारण ते काम डॉक्टरला शक्य नसते.

निकोटीनची सवय लागलेल्या शरीरास ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, अधिक भूक व बद्धकोष्ठता अशी लक्षणे दिसू लागतात. पहिल्या काही दिवसांत ती तीव्र असतात आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. ही गोष्ट आधी न सांगितल्यास मनुष्य तिसऱ्या दिवशी “बिडीशिवाय पोट साफ होत नाही” म्हणून पुन्हा बंडल आणतो. त्याची तक्रार खोटी नसते. त्यास सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि “हे पंधरा दिवसांत बसेल” हा दिलासा, इतकेच हवे असते. तलफेचा जोर सामान्यतः काही मिनिटेच टिकतो. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप चघळणे वा उठून दोन पावले चालणे पुरते. चहाबरोबर बिडीची सवय असेल तर काही दिवस चहाची जागाच बदलावी. मशेरी सोडणाऱ्या स्त्रीचा दात ठणकू लागल्यास तिला दंतवैद्याकडे धाडणे अगत्याचे असते, नाहीतर ती दुखण्याचे औषध म्हणून पुन्हा मशेरीकडेच वळते.

ज्यांची सवय फार जुनी आहे, त्यांस निकोटीनयुक्त गोळी किंवा औषध लागू शकते. ते आशेने द्यावयाचे नसून वैद्यकीय अधिकाऱ्याने द्यावयाचे आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०१६ पासून उपलब्ध आहे.

दोन प्रसंगी तिचा शब्द विशेष मानला जातो. एक गर्भारपण. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. पोटातील जिवासाठी म्हणून मशेरी सोडावयास पुष्कळ स्त्रिया तयार होतात. बाळंतपणानंतर ती पुन्हा सुरू होऊ नये याची काळजी मात्र घ्यावी लागते. दुसरा प्रसंग क्षयरोगाचा. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो आणि उपचार साधारण सहा महिने चालतात, त्यामुळे या काळात आशेच्या भेटी आपोआपच घडतात.

एवढ्या खटाटोपातून निष्पन्न काय होते, अशी शंका अधिकारीवर्गातूनही ऐकू येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६,४७१ ग्रामीण तंबाखूसेवकांना व्यक्तिगत सल्ला व प्रचारमाध्यमे यांच्या द्वारे सवय सोडण्यास प्रवृत्त केले होते. त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि एर्नाकुलममध्ये तर कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांचे नवे रुग्णही घटले. उलट सल्ला न दिल्याने काय गमावले जाते, तेही स्पष्ट आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर सिगारेट ओढणाऱ्याचे सुमारे १० वर्षांनी कमी होते. आणि २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशातील ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सवय सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. इच्छा आहे, सोबत नाही, अशी ही स्थिती आहे.

एक अवघड बाब येथे नमूद केली पाहिजे. सोलापुरात हजारो स्त्रियांची चूल बिड्या वळण्यावर पेटते आणि गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपानाचा हंगाम हाच वर्षाच्या रोख पैशाचा आधार असतो. अशा वस्तीत आशेच्या स्वतःच्या घरीही सूप-कात्री असू शकते. तेथे बिडीविरुद्ध व्याख्यान देणे निरर्थक आहे; आजारी माणसाच्या प्रकृतीपुरते बोलणेच योग्य ठरते. पर्यायी रोजगाराचा प्रश्न आशेच्या डोक्यावर टाकता येणार नाही, तो शासनाचा आहे.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचे साहाय्य

आशा एकटी पडली की हे कार्य थांबते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण अधिनियमानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी असून २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायत कार्यालयही त्यात येते. तेथे ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावणे ही कार्यालयप्रमुखाची जबाबदारी आहे. ज्या सभेत आशा तंबाखूविषयी बोलते, त्याच सभेत सदस्यांच्या तळहातावर चुना मळला जात असेल तर तिच्या बोलण्यास किंमत उरत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे, तसेच अठरा वर्षांखालील मुलांस ती विकता येत नाही. मुलांना दुकानातून वडिलांची पुडी आणावयास धाडण्याची प्रथा मुख्याध्यापकांनी पालकसभेत मांडावी.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या मासिक बैठकीत या विषयास दहा मिनिटे द्यावीत. किती जणांनी सोडण्याचे ठरविले, किती पुन्हा सुरू झाले, तोंड पूर्ण न उघडणारे किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असलेले किती जण तपासणीस गेले आणि किती जाण्याचे राहिले, एवढी विचारणा पुरे. नावे मात्र बैठकीत वाचू नयेत. राहिलेल्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्यासाठी वाहनाची सोय कोण करणार, हे त्याच बैठकीत ठरवावे.