सुईआधी स्तनपान : नवजात बालकाच्या वेदनेचा औषधाविना उपशम

नवजात बालकास वेदना होते काय, हा प्रश्न आज विचित्र वाटेल. परंतु चाळीस वर्षांपूर्वी पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतही अर्भकांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. मूळ इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेले संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या समजुतीस तडा गेला. आपल्याकडे काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनाध्याय आहे. न बोलणाऱ्या बालकाची वेदना कशी ओळखावी, हाच त्याचा विषय. कान दुखत असता बालक हातांनी कानास स्पर्श करते, पोट दुखत असता स्तन नाकारते, अशी लक्षणे तेथे सांगितली आहेत.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात बालकाच्या वाट्याला सुई लवकर येते. जन्मतःच ‘क’ जीवनसत्त्वाचे नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन (हा घोटाळा दुकानातील चिठ्ठीवरही होतो), चोवीस तासांच्या आत काविळीची ‘हिपॅटायटिस बी’ लस, बीसीजी. जेथे नवजात बालकाची सिकलसेल तपासणी होते तेथे टाचेतून रक्त. ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. जंतुदोष झालेल्या बालकास प्रशिक्षित आरोग्यदूत जेंटामायसिनचे इंजेक्शन घरीच देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. तेव्हा सुई टाळावी असे कोणी सुचवू नये. प्रश्न आहे तो सुई टोचण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांचा.

सर्वत्र आढळणारा क्रम असा : परिचारिका बालकास आईकडून घेते, टेबलावर धरते, टोचते आणि रडू लागल्यावर पाजावयास परत देते. हा क्रम उलटा करावयास हवा. बालक प्रथम आईच्या अंगाशी उघड्या त्वचेने धरावे, स्तनास लावावे, ते नीट चोखू लागल्यावर काही मिनिटे जाऊ द्यावीत, मग टोचावे व पाजणे चालूच ठेवावे. बोस्टन येथे २००२ मध्ये ३० नवजात बालकांवर झालेल्या अभ्यासात टाच टोचताना अंगावर पाजलेल्या बालकांचे रडणे ९१ टक्क्यांनी कमी आढळले. यात गोडी, ऊब, आईचा गंध व चोखण्याची क्रिया एकत्र येतात. म्हणूनच वाटी-चमच्याने पाजलेल्या दुधाचा परिणाम तितका होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये लस टोचताना वा त्याआधी थोडा वेळ स्तनपान सुचविले आहे. शिवाय सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढू नये व जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी, असेही सांगितले आहे.

चोखू न शकणाऱ्या कमी दिवसांच्या बालकास कांगारू पद्धतीने छातीशी धरावे. तेही शक्य नसल्यास एका हाताने डोके व दुसऱ्याने दुमडलेले पाय सावकाश सावरून धरावेत. साखरेचे द्रावण रुग्णालयांत वापरले जाते, परंतु लंडनमधील २०१० च्या अभ्यासात चेहऱ्यावरील वेदना कमी दिसूनही मेंदूतील प्रतिसाद कमी झालेला आढळला नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला, तरी आईचे दूध तेथे असतेच.

हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. कर्णवेधाच्या वेळी बालकास धात्रीच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी रमवावे व गोड बोलून धीर द्यावा, असे सुश्रुतांनी सांगितले आहे. वेधनाआधी सांत्वन, हा क्रम तेथेही आहे. माडिया मातेशी तिच्याच भाषेत बोलणारी आशा कार्यकर्ती जवळ असल्यास तीही धीर धरते, असे आमचे मत आहे.

मधाविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. जातकर्मातील मधु-घृताचा दाखला देऊन सुईच्या वेळी मधाचे बोट चाटविण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. सुश्रुतांनी ते सांगितले ते स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवृत्त होते या विचाराने. चीक दुधाचे महत्त्व आज निर्विवाद आहे. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात व एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वैद्यबंधूंनी मध वा मधयुक्त चाटण या कामी सुचवू नये आणि औषधी दुकानदारांनी वेदनेसाठी म्हणून ते, बाळगुटी किंवा ग्राइप वॉटर देऊ नये. लसीपूर्वी पॅरासिटामॉलचे थेंब देण्याचीही शिफारस नाही.

एक बाब दुकानातच लक्षात येऊ शकते. दोन महिन्यांखालील बालक लसीनंतर थोडे किरकिरते व अंगावर घेतल्यावर शांत होते. परंतु ते पिणेच सोडीत असेल, अंग तापलेले वा गार लागत असेल, हालचाल मंदावली असेल वा छाती आत ओढली जात असेल, तर ती सुईची वेदना नव्हे. अशा वेळी थेंब न विकता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, व वाटेतही बालक आईच्या छातीशीच असावे.