कपाटाची किल्ली

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आमच्या घरात एकच जप चालला होता. ‘‘अध्यक्ष महाशय, गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो...’’

लेक तेव्हा चौथीत, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’, म्हणून बाईंनी तिला भाषण दिलेलं. २०१५ च्या जुलैमध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम गेले. त्याच वर्षापासून महाराष्ट्रातल्या शाळा त्यांचा जन्मदिवस असा साजरा करतात. भाषण अर्थातच मी लिहून दिलं. सकाळी मी पोळ्या लाटायची, ती म्हणून दाखवायची, चुकलं की मी सांगायची. ऐकून ऐकून सासूबाईंचंही पाठ झालं!

त्या दिवशी शाळा छान सजली होती. फोटोला हार, दारात रांगोळी आणि वर्गातल्या बाकांवर पुस्तकांचं प्रदर्शन. मुलं रांगेनं जायची, हात मागे बांधून. बाकावर चिठ्ठी होती, ‘पुस्तकांना हात लावू नये’.

भाषण झकास झालं. एकदाही अडखळली नाही. टाळ्या पडल्या, मला तर भरून आलं. सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, आता डोळ्यांनीही साथ सोडलेली. त्यांनी कौतुकानं नातीला जवळ घेतलं आणि प्रदर्शनातलं एक पातळसं पुस्तक उचललं. ‘‘बाळा, यातली एवढी गोष्ट वाचून दाखव की मला.’’

लेकीनं पुस्तक हातात घेतलं. पहिली ओळ. एकेक अक्षर जुळवत, जोडाक्षराला थांबत, मधेच अंदाजानं भलताच शब्द ठोकून देत... दुसऱ्या ओळीशी तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते. मघाशी घडाघडा बोलणारी हीच का माझी मुलगी?

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पाठ्यपुस्तक ती फाडफाड वाचायची, म्हणून मी निर्धास्त होते. पण ते वाचन नव्हतंच. वर्गात दहा वेळा ऐकलेला धडा ती पाठ म्हणत होती. बोट ओळीवरून फिरायचं एवढंच! आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? डबा, शिकवणी, युनिफॉर्म, सगळ्याकडे माझं लक्ष. अनोळखी पान मात्र तिच्यापुढे मी कधी धरलंच नव्हतं.

सकाळी तिला जवळ घेऊन विचारलं, ‘‘शाळेत गोष्टीची पुस्तकं वाचत नाही का गं?’’ ती म्हणाली, ‘‘आई, ती फक्त कालच्या दिवशी बाहेर काढतात. मग कपाटात जातात.’’

मी तरातरा शाळेत गेले. रागातच होते, खरं सांगते. पण बाईंनी बसवून घेतलं, पाणी दिलं आणि साठ्याची नोंदवही पुढे ठेवली. ‘‘ताई, चार वर्ग आणि आम्ही दोघी. कपाटातलं प्रत्येक पुस्तक माझ्या नावावर आहे. हरवलं, फाटलं, तर तपासणीला मी काय दाखवू? मलाही वाटतं हो, मुलांनी वाचावं. पण भीती वाटते.’’ माझा राग तिथंच विरला. बाई वाईट नव्हत्या. किल्ली त्यांच्याकडे होती, पण कुलूप भीतीनं लावलेलं होतं.

घरी येऊन त्याच भाषणाचा कागद पुन्हा काढला. छोटे कलाम रामेश्वरमला वर्तमानपत्रं वाटायचे, हे मी झोकात लिहिलं होतं. युद्धकाळात रामेश्वरमला गाडी थांबेना, तेव्हा धावत्या गाडीतून गठ्ठे खाली टाकत आणि ते गोळा करायला कलाम मदत करत. हा प्रसंग ‘अग्निपंख’मधला. पण त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट मी भाषणात घातलीच नव्हती. गावातल्या माणिकम नावाच्या गृहस्थांकडे पुष्कळ पुस्तकं होती. ते कलामांना सतत वाचायला सांगत आणि कलाम त्यांच्याकडून पुस्तकं मागून नेत. म्हणजे पुस्तक घरी न्यायला मिळालं होतं, बघा! आणि आपण त्यांच्या जन्मदिवशी पोरांना हात मागे बांधायला लावतो.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर होत्या. ‘‘मी आपली सही करते,’’ त्या हसून म्हणाल्या. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा काय सांगतो? अशा समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शिवाय प्रत्येक शाळेत वाचनालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत. म्हणजे हा विषय मांडणं हा आगाऊपणा नव्हे, आपला हक्कच आहे!

पुढच्या बैठकीला आम्ही पाच-सहा जणी गेलो. एक-दोघांनी ‘पोरं पुस्तकांची रद्दी करतील’ म्हणून बघितलं. आम्ही सांगितलं, फाटेल ते आम्ही शिवून, चिकटवून देऊ. हरवलं तर वर्गणी काढून तसंच आणू. बाईंच्या पगाराला आणि नोंदवहीला धक्का लागणार नाही. तसा ठराव लिहून घेतला, खाली सगळ्यांच्या सह्या. बाईंचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू!

दर शनिवारी कपाट उघडायला लागलं. नोंद ठेवायला चौथीतल्याच दोन मुली. पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या शनिवारी आणायचं. पहिल्या दोन महिन्यांत तीन पुस्तकं फाटली, एक पावसात भिजलं आणि एक शेळीनं खाल्लं. हो, खरंच! आम्ही खळ करून पुठ्ठे चिकटवले, शेळीवालीनं हसत पैसे भरले.

लेक सुरुवातीला पुस्तक बघून तोंड फिरवायची. मग सासूबाईंनीच शक्कल लढवली. मेथी निवडायला बसल्या की म्हणायच्या, ‘‘मला दिसत नाही गं, तूच सांग पुढे काय झालं ते.’’ आजीला गोष्ट हवी म्हणून नात अडखळत वाचायची. चुकलं तरी आजी टोकत नसत, त्यांना कुठं कळणार! माझ्यासारखं चुका काढणारं कुणी नाही म्हटल्यावर पोरीची भीती गेली. मोठ्या चित्रांची, दोन ओळींची पुस्तकं आधी संपली, मग भुताची, मग विनोदी. बोधकथा मात्र तिनं परत केल्या. मीही गप्प बसले.

या वर्षी लेक पाचवीत, शाळा बदलली. तरी जुन्या बाईंनी तिला १५ ऑक्टोबरला बोलावलं. भाषणं नव्हतीच. ज्याला जे आवडलं, त्यानं ते पुस्तक आणून एक पान वाचायचं. लेक उभी राहिली. दोन ठिकाणी अडखळली, एक शब्द पुन्हा वाचला, पण पान पूर्ण केलं. टाळ्या गेल्या वर्षीपेक्षा कमीच पडल्या. पण आजी पुढच्या रांगेत बसून ऐकत होत्या आणि पान संपल्यावर त्यांनी मोठ्यानं विचारलं, ‘‘मग पुढं काय झालं गं?’’

सगळी शाळा हसली. लेकीनं पान उलटलं.

एवढं करून बघा

* मुलाला येतं का हे बघायचं असेल, तर धड्याचं पान नको, न पाहिलेलं पुस्तक द्या. रागवायचं मात्र नाही.
* वाचताना प्रत्येक चूक काढू नका. गोष्ट पुढे जाऊ द्या.
* पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर शाळेचं कपाट आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय गाठा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक मैत्रिणींमध्ये फिरवा.
* शाळेच्या समितीवर तुम्ही असाल, तर सही करण्याआधी एकदा विचारा, ‘पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुठंय?’