‘आतलं सगळं आहे तसंच राहू दे’ : संगणकाची डिस्क बदलताना

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं दाटीवाटीनं उभी आहेत. अशा बाजारात संगणकाची डिस्क बदलायला आलेला माणूस बहुधा एकच गोष्ट सांगतो : डिस्क मोठी द्या, पण आतलं सगळं आहे तसंच राहू दे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांचे कान या ‘तसंच’वर टवकारतात. तसंच म्हणजे नेमकं काय?

पहिला सोपा तोडगा मनात येतो तो असा, की नव्या डिस्कवर विंडोज नव्यानं टाकावं आणि आपल्या फायली तेवढ्या उचलून आणाव्यात. पुष्कळांना तो पुरतो. पण पुण्यात पंचवीस-तीस वर्षं मराठी अक्षरजुळणी करणाऱ्याला तो पुरत नाही. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं काम चाललं ते पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या फॉन्टांवर. त्या फायलींत ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून नोंदलेलंच नसतं. तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, आणि त्याला ‘क’चं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की अख्खा ग्रंथ पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन बसतो. म्हणजे फाईल जशीच्या तशी आली, आणि अर्थ मात्र जुन्या डिस्कवरच राहिला! अशा माणसानं सगळी यंत्रणाच हलवायला हवी. तिला क्लोनिंग म्हणतात.

क्लोनिंग करणारा प्रोग्रॅम जुन्या पोथ्यांच्या लेखनिकासारखा असतो. समोर जे आहे ते, चुकांसकट, उतरवतो. म्हणून जुनी डिस्क कुरकुरत असेल तर आधी तिची तपासणी, आणि महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत, क्लोनिंग मागाहून. संगणकावर बिटलॉकरचं कुलूप असेल तर ते तात्पुरतं थांबवावं आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. त्याच संगणकातल्या फाईलमध्ये ठेवली तर तिजोरीची किल्ली तिजोरीत, असं व्हायचं. डिस्क विकत घेण्यापूर्वी आपल्या यंत्रात साटा बसते की एनव्हीएमई, हेही पाहावं. दोन्ही एम-२ या एकाच आकारात मिळतात, त्यामुळे दिसण्यावर जाऊ नये.

आता गंमत पाहा. २५६ जीबीची डिस्क १ टीबीवर उतरवली, संगणक सुरू झाला, आणि ‘सी’ ड्राइव्ह मात्र तेवढाच! डिस्कच्या आरंभी एक नकाशा असतो : कोणता विभाग कुठून कुठपर्यंत. लेखनिकानं तोही जसाच्या तसा उतरवला. नव्या घरात जुन्या घराच्या भिंती. (या नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. ती आता मधोमध येऊन पडते आणि शेवटाकडे सरकवावी लागते.) मोकळी जागा ‘सी’ला जोडायला जावं तर बहुधा मध्ये विंडोजचा दुरुस्तीचा छोटा विभाग आडवा येतो. विंडोजचं स्वतःचं साधन लागूनच असलेली जागा जोडतं, पलीकडची नाही. म्हणून क्लोन करतानाच विभाग वाढवून देणारा प्रोग्रॅम घ्यावा. आणि १ टीबीऐवजी ९३१ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका. तो दहाच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

वेदान्तात ‘तो हा देवदत्त’ असं उदाहरण शिकवतात. तेव्हाचा आणि तिथला देवदत्त, आत्ताचा आणि इथला देवदत्त. काळ-स्थळाचा फरक बाजूला ठेवला की ओळख पटते. संगणकाला हे फरक बाजूला ठेवणं कधी जमतं, कधी नाही. क्लोन झालेल्या दोन्ही डिस्कांची आतली ओळखखूण एकच असते. दोन्ही जोडून यंत्र सुरू केलं तर दोन देवदत्त समोर उभे राहतात, आणि विंडोज त्यांतल्या एकाला बाहेर बसवतं. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवावी. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला, त्यामुळे तो सहसा टिकतो. पण काही सॉफ्टवेअर डिस्कचा कारखान्यातला क्रमांक पाहतात. तो बदललेला असतो, आणि ते पुन्हा नोंदणी मागतात. अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर हा प्रश्न आधीच विचारून ठेवावा, कारण नोंदणी देणारं कुणी उरलेलं नसण्याची शक्यता असते.

संगणक सुरू झाला म्हणजे काम झालं, असं समजून लोक जुनी डिस्क लगेच पुसतात. आमच्या मते हा उतावीळपणा आहे. आधी सगळ्यांत जुनी मराठी फाईल उघडा, जोडाक्षरं वाचा, एक पान छापून पाहा. महिनाभर रोजचं काम नव्या डिस्कवर करा, जुनी दुसऱ्या घरी ठेवा. याच पेठेतला बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला. एका छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती आगीच्या दृष्टीनं एकच असतात. मात्र जुनी एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला विजेचा भार हळूहळू ओसरतो. म्हणून दीर्घ काळासाठी दुसरी प्रत साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर घ्यावी. आणि जुनी यंत्रणा चालते आहे तोवर एकेक मजकूर युनिकोडमध्ये आणून, मूळ छापील पानाशी ताडून घ्यावा.