घड्याळाशेजारचा कोनाडा



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत संगणकाच्या पडद्याच्या एका कोपऱ्यावर बोलायचे, हा विषय काहींना चमत्कारिक वाटेल. पण पांढुर्णा-सौंसर भागात आज जे मराठी लिहिले जाते, मग ती लग्नपत्रिका असो, देवस्थानाचा अहवाल असो, की आजोबांनी वहीत लिहून ठेवलेली घराण्याची हकीकत असो, ते छापखान्यात जाण्याआधी संगणकावरून जाते. आणि संगणकावर मराठी उमटवणारा प्रोग्राम बहुतेक वेळा त्या कोपऱ्यातच दडून बसलेला असतो. तो सापडला नाही की माणूस म्हणतो, 'जाऊ द्या, हिंदीतच टाइप करून टाका.' तिथून पुढे 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'शाळा' 'शाला' होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या आपल्या या मराठी मुलखासह, मध्य प्रदेशात राहिला. तोवर नागपूर ही आपली राजधानी होती, त्या दिवसापासून ती भोपाळ झाली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी कचेरीची आणि दुकानातल्या संगणकाची भाषा हिंदीच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हिंदी आपण सगळेच बोलतो. पण व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो की संगणकावर हिंदी आधीपासून बसवलेली असते आणि मराठी मागून, कोणी मागितली तर. हिंदी वर्तमानपत्रात 'पोला' आणि 'जामसांवली' छापून येते, ते त्यांच्या भाषेच्या रीतीने बरोबरच आहे. आपल्याच मराठी कार्यक्रमाच्या फलकावर 'पोळा' न येता 'पोला' येतो, तेव्हा मात्र खटकते.

आता त्या कोपऱ्याकडे वळू. पडद्याच्या तळाशी जी आडवी पट्टी असते तिला टास्कबार म्हणतात. तिच्या उजव्या टोकाला घड्याळ असते आणि घड्याळाच्या डावीकडे बारीक चित्रांची रांग. ही मांडणी विंडोज ९५ बरोबर, म्हणजे ऑगस्ट १९९५ मध्ये, आली. मायक्रोसॉफ्टच्या दप्तरी तिचे नाव 'नोटिफिकेशन एरिया', सूचनांची जागा. लोकांनी मात्र तिला 'सिस्टिम ट्रे' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रुळले. मी तिला कोनाडा म्हणेन. आपल्या जुन्या घरांत भिंतीला कोनाडा असे. त्यात दिवा असे, चुन्याची डबी असे. वस्तू हाताशी असायची, पण खोलीत आलेल्या माणसाच्या नजरेत भरायची नाही. या जागेची योजनाही तशीच आहे.

खिडकी 'खाली करणे' आणि कोनाड्यात ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक सगळा घोटाळा इथेच होतो. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आडवी रेघ असते. तिच्यावर क्लिक केले की खिडकी टास्कबारवर जाऊन बसते, मधल्या मोठ्या चित्रांत. ती तिथे दिसते, एका क्लिकने वर येते. पण काही प्रोग्राम असे असतात की त्यांची खिडकी टास्कबारवरही दिसत नाही. ते फक्त कोनाड्यात एक बारीक चित्र ठेवतात. शिवाय काही प्रोग्राम फुलीवर क्लिक केले तरी बंद होत नाहीत. मायक्रोसॉफ्ट टीम्सचे उदाहरण घ्या. फुली दाबली तरी तो मागे चालू राहू शकतो, कारण फोन आला तर घंटी वाजवायची असते. व्हायरसपासून राखण करणारे प्रोग्राम तर दिवसभर कोनाड्यातच असतात. त्यांना खिडकीची गरज नसते, जागे राहण्याची असते.

यात वापरणाऱ्याची चूक नाही. फुली म्हणजे बंद, असे तीस वर्षे शिकवायचे आणि मग काही प्रोग्रामांनी तिचा अर्थ 'लपून बसा' असा करायचा, ही करणाऱ्यांची मनमानी आहे. लिनक्सच्या जगात या कोनाड्याचा काहींना इतका कंटाळा आला की ग्नोमने २०१७ साली आपल्या ३.२६ या आवृत्तीतून जुना ट्रे काढूनच टाकला. लोकांनी मग वेगळी जोडणी करून तो परत आणला. सोय एकदा अंगवळणी पडली की ती काढून घेता येत नाही.

कोनाड्यातला प्रोग्राम उघडायचा कसा? पहिली अडचण अशी की चित्रच दिसत नाही. २००१ च्या एक्सपीपासून विंडोज न वापरलेली चित्रे आत सारू लागले, आणि २००९ च्या विंडोज ७ पासून तर नव्या प्रोग्रामचे चित्र मुळातच झाकलेले असते. घड्याळाच्या डावीकडे वर टोक असलेला एक छोटा बाण असतो, घराच्या छपरासारखा. त्यावर क्लिक केले की चौकोनी डबी उघडते आणि लपलेली चित्रे दिसतात. कोणते चित्र कशाचे हे कळत नसेल तर माउसचा बाण त्यावर नुसता नेऊन थांबवा, नाव उमटते.

चित्र सापडले की पुढचे काम प्रोग्रामच्या मर्जीवर आहे. काही एका क्लिकने उघडतात, काही दोन लागोपाठच्या क्लिकनी. काहींना डावे बटण चालतच नाही. म्हणून माझा सल्ला असा की सरळ राइट क्लिक करावे. छोटी यादी उघडते. तिच्यात उघडण्याचा पर्याय बहुधा वरच्या बाजूला असतो आणि कायमचे बंद करण्याचा अगदी खाली, 'एक्झिट' किंवा 'क्विट' या नावाने. त्या खालच्या पर्यायावर घाईत क्लिक होऊ नये एवढे सांभाळावे.

माउस चालत नसेल, किंवा हात थरथरत असल्याने बारीक चित्रावर नेम बसत नसेल, तर कीबोर्डाने हे काम जास्त सोपे होते. खिडकीचे चित्र असलेले बटण दाबून ठेवायचे आणि इंग्रजी बी दाबायचे. निवड कोनाड्याकडे जाते, बहुधा त्या बाणावरच. एंटर दाबले की डबी उघडते. मग दिशेच्या बाणांनी हवे ते चित्र गाठायचे आणि पुन्हा एंटर. आपल्यातल्या ज्येष्ठांनी ही रीत एकदा करून पाहावी.

रोज लागणारे चित्र डबीत ठेवायचे कशाला? विंडोज १० मध्ये ते ओढून बाहेर, घड्याळाजवळ आणून सोडता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात ट्रेमधल्या इतर चित्रांची यादी, अशा वाटेने जाऊन त्या प्रोग्रामसमोरची कळ चालू करायची. एवढे एकदा केले की चित्र कायम डोळ्यांसमोर राहते.

कधी कधी प्रोग्राम पुन्हा सुरू करायला जावे तर तो 'मी आधीच चालू आहे' अशा अर्थाचा संदेश देतो, आणि खिडकी तर कुठे नाही. संदेश खरा असतो. प्रोग्राम कोनाड्यात आहे, तिथेच पाहायचे. याच्या उलटही घडते. चित्र दिसते, पण माउस त्यावर नेला की नाहीसे होते. तो प्रोग्राम मध्येच बंद पडलेला असतो आणि चित्र तेवढे मागे राहिलेले असते. तिसरा प्रकार असा की टास्कबार स्वतःच अडकून पडतो आणि पुन्हा उभा राहतो, तेव्हा काही प्रोग्राम आपले चित्र परत मांडायला विसरतात. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा. प्रोग्राम तिथल्या यादीत दिसला तर त्याला तिथूनच बंद करून नव्याने सुरू करायचे. मात्र लिहिलेले जतन झाले आहे का, याचा विचार त्याआधी करावा.

आता मराठीकडे. 'बरहा' हा प्रोग्राम मूळचा कन्नडसाठी निघाला आणि पुढे मराठीसह इतर भारतीय भाषांचा झाला. त्याचा कोणत्याही खिडकीत टाइप करू देणारा भाग सुरू केला की मोठी खिडकी समोर येत नाही. कोनाड्यात चित्र येऊन बसते, बाकी काही हलत नाही. बिघडले असे समजून माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतो. त्या चित्रावर राइट क्लिक करून भाषेच्या यादीत मराठी निवडायची. एफ ११ या बटणाने इंग्रजी आणि मराठी यांची अदलाबदल होते. मोठा एल म्हणजे ळ, मोठा एन म्हणजे ण.

गूगलचे विंडोजवर बसवायचे टंकनसाधन गूगलने बंद केले आहे, जुन्या संगणकांवर ते अजून भेटते. मात्र वेगळे काही आणण्याची आता गरज उरलेली नाही. २०१९ सालापासून विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे उच्चारानुसार चालणारे कीबोर्ड आतच मिळतात. सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर मराठी जोडायची आणि तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड घ्यायचा. एकाहून अधिक भाषा झाल्या की घड्याळाजवळ भाषेची खूण दिसू लागते. तिच्यावर क्लिक करून, किंवा खिडकीच्या बटणाबरोबर स्पेसबार दाबून, भाषा बदलता येते. इथे सावध राहायला हवे. हिंदी आणि मराठी दोन्ही बसवलेल्या असतील तर अक्षरे दोन्हींची देवनागरीच उमटतात, म्हणून चुकीची भाषा निवडली गेल्याचे पटकन लक्षात येत नाही. संगणक मात्र शब्द हिंदीच्या कोशातून सुचवत राहतो. आपण रोमनमध्ये पाणी लिहायला जातो आणि पानी हाती येते.

घरातल्या तरुणांबद्दल एक सांगण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी जी सीपीसीटी परीक्षा असते, तिच्या हिंदी टंकलेखनात इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन गेल अशा दोन मांडण्या चालतात. आपली कितीतरी मुले इनस्क्रिप्ट शिकतात ती हिंदीसाठी. पण इनस्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी आहे, एकट्या हिंदीची नव्हे. ल ज्या बटणावर आहे, म्हणजे इंग्रजी एनवर, तिथेच शिफ्ट धरले की ळ येतो. र हा इंग्रजी जेवर आहे, तिथे शिफ्ट धरले की मराठीचा खास ऱ येतो. हिंदी परीक्षेच्या सरावात या दोन जागांवर बोट सहसा जात नाही, एवढेच.

हा ऱ म्हणजे हौसेचे अक्षर नव्हे. 'आचार्यांना' पंगतीला बसवतात आणि 'आचाऱ्यांना' पंगतीचा स्वयंपाक करायला बोलावतात. निमंत्रणपत्रिकेत साधा र पडला तर कोणाला कशासाठी बोलावले ते वाचणाऱ्याने ठरवायचे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग हलंतासाठी डी, मग य, असे दाबले की 'ऱ्य' जुळते. शिफ्ट विसरला तर 'र्य' होते. 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. त्यासाठी प्रोग्राम बदलायचा नसतो, फॉन्ट बदलायचा असतो.

म्हणून मजकूर टाइप करायला दुकानात देताना आधी घड्याळाशेजारचा तो बाण उघडायला सांगावा, मराठी निवडलेली आहे का ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, आणि वही पुढे करण्यापूर्वी तीन शब्द टाइप करून मागावेत: केळवण, आचाऱ्यांना, ॲप. तिन्ही नीट उमटले तर काम सुरू करू द्यावे. एखादा बिघडला तर खुर्ची ओढून शेजारी बसावे आणि वर सांगितलेल्या वाटेने मराठीपर्यंत जावे, पाच मिनिटांचे काम आहे.