दिवेलागण कोण करतं?

विक्रोळीत पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की तिवरं लागतात आणि तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. दिवसातून दोनदा तिवरांच्या मुळांशी चढणारं भरतीचं पाणी मुंबई बंदरातून वर येतं. त्या बंदराच्या तोंडाशी, कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, प्राँग्सचं दीपगृह आहे. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने ते १८७५ मध्ये बांधलं. ओहोटीला तिथे खडकांवरून चालत जाता येतं. भरती आली की तेच खडक पाण्याखाली दडतात, म्हणून तर तिथे दिवा हवा! त्याआधी, १८६७ मध्ये, खांदेरी बेटावर दीपगृह उभं राहिलं होतं.

दिवा उंचावर का, तर पृथ्वी गोल आहे म्हणून. गणित सोपं आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि साडेतीनने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते कळेल. ३६ मीटरवरच्या दिव्याला २१ किलोमीटर, जहाजात १६ मीटरवर उभ्या असलेल्या खलाशाला १४. म्हणजे दिवा पुरेसा प्रखर असेल, तर खलाशाला तो ३५ किलोमीटरवरून दिसू लागेल.

पूर्वी हा दिवा माणूस लावत असे. तेल भरायचं, वात कापायची, काच पुसायची आणि रात्रभर जागायचं. पण माणूस राहूच शकत नाही अशा खडकावर काय करायचं? स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी यावर १९०७ मध्ये उत्तर शोधलं, ते म्हणजे सूर्य-झडप.

तिच्यात मधोमध एक काळा दांडा आणि भोवती चकचकीत दांडे. उजाडलं की काळा दांडा प्रकाश शोषून तापतो आणि जरा लांबतो. चकचकीत दांडे प्रकाश परतवतात, म्हणून तेवढे लांबत नाहीत. हा केसाएवढा फरक तरफेला पुरतो आणि ॲसिटिलीनचा पुरवठा बंद होतो. अंधार पडला की दांडे पुन्हा सारखे होतात, वायू सुटतो आणि सतत तेवणाऱ्या बारीक ज्योतीवर दिवा पेटतो. खरी खुबी तुलनेत आहे. मे महिन्याच्या उकाड्यात सगळेच दांडे सारखे लांबतात, त्यामुळे गरम रात्रीला झडप दिवस समजत नाही.

डालेन यांना १९१२ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. तरीही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या कंपनीचा कारभार तेच पाहत होते.

आता दांड्यांचं काम प्रकाशसंवेदक करतो. उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते, अंधारात अडते. त्यावरून सर्किट दिवा चालू-बंद करतं. सौरपट्ट्या दिवसभर बॅटरी भरतात, रात्री तिच्यावर एलईडी लुकलुकतो. प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याचा ठेका नकाशात नोंदलेला असतो. खलाशी सेकंद मोजून दिवा ओळखतो.

हेच तंत्र तुमच्या सोसायटीच्या फाटकावरही असेल. आपोआप लागणाऱ्या दिव्याचा संवेदक हाताशी असेल, तर भर दुपारी त्यावर तळहात ठेवून थोडं थांबा. दिवा लागला तर समजा, त्याची रात्र झाली. आणि संवेदकाची काच धुळीने माखली असेल तर पुसून घ्या. तेवढं काम त्याला अजून स्वतःहून जमत नाही.